पणसायमळची कातळशिल्पं नेमकी किती जुनी? आणि गोव्यातली पहिली माणसं कोण, हे कशावरून ठरवतात?

कुशावतीकाठ

पणसायमळ (उसगाळीमळ) इथल्या कातळशिल्पांबद्दल मराठीत जे काही छापून येतं त्यात वयाचा मेळ कुठेच बसत नाही. कुणी चार हजार वर्षं लिहितं, कुणी आठ-दहा हजार, कुणी थेट वीस हजारांच्या पुढे जातं, आणि सगळे सारख्याच ठामपणे. डॉ. पी. पी. शिरोडकरांनी १९९३ मध्ये ती अभ्यासकांसमोर आणली. त्याआधी गावच्या लोकांना ती ठाऊक होतीच, गोरवां (गुरं) राखणाऱ्यांनी काढलेली चित्रं म्हणून.

प्रश्न तीन. १) जांभ्या दगडात कोरलेल्या रेघेचं वय मोजता येतं का? येत नसेल तर हे आकडे येतात कुठून? २) कोरणारे लोक आणि आजचे गावडे, कुणबी, वेळीप या गोव्यातल्या आदिवासी समाजांचं नातं कशावरून जोडतात? ३) परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी वसवली, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. इतिहासकार तिचं काय करतात?

जाणकारांनी सविस्तर लिहावं.

सडा_आणि_जांभा

पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर : नाही. जांभ्यात कोरलेल्या रेघेचं वय आज थेट मोजता येत नाही.

कार्बन-१४ ला सेंद्रिय पदार्थ लागतो : कोळसा, बी, हाड, शिंपला. भीमबेटकासारखी रंगवलेली चित्रं असती तर रंगातल्या एखाद्या सेंद्रिय घटकाची तरी आशा धरता आली असती. इथे दगड ठेचून, म्हणजे टोच्यांवर टोचे मारून रेघ काढली आहे. दगडातून काहीतरी काढून टाकलंय, त्यात घातलेलं काहीच नाही. मग मोजायचं काय? जांभा हा मुळात लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा सच्छिद्र दगड. जमिनीतून काढला की मऊ, चिऱ्यासारखा कापता येतो, हवा लागली की टणक होतो. त्याच्या पृष्ठभागावर लोहाचा पापुद्रा पुन्हा पुन्हा धरतो आणि झिजतो. त्यामुळे रेघेच्या तळाचा रंग आजूबाजूच्या दगडासारखा झाला म्हणजे ती फार जुनी, असं इतर दगडांत जितक्या विश्वासाने म्हणतात तितकं जांभ्यात म्हणता येत नाही.

रेघेचा आडवा छेद बघून हत्याराचा अंदाज करतात. दगडी टोच्याने पडलेली खाच रुंद आणि गोलसर, धातूच्या छिन्नीची अरुंद आणि धारदार. काजूर गावच्या दूधाफातर या कोरीव कातळासारख्या ग्रॅनाइटवर हा फरक थोडाफार टिकतो. जांभ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तिथे धारदार खाचही काही पिढ्यांत गोल होते.

म्हणून छापून येणारे आकडे हे मोजमाप नसून तुलना आहेत. कुणी आकृतींची शैली जुळवतो, कुणी जवळपास मिळालेली दगडी हत्यारं, कुणी प्राणी. ज्याने जिथली तुलना धरली तिथला आकडा त्याच्या लेखात आला.

माटोळी

म्हणजे तिथल्या माहितीच्या बोर्डावर वय 'माहीत नाही' असं लिहायचं?

सडा_आणि_जांभा

@माटोळी, तसं नाही. किती वर्षं हे कळलं नाही तरी कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, हे पुष्कळदा कळतं. एक रेघ दुसरीला छेदून जात असेल तर छेदणारी नंतरची. बैलाच्या पाठीवरून वर्तुळ गेलं असेल तर बैल आधीचा. पण हेही उभ्याने बघून ठरत नाही. छेद जिथे होतो तिथे टोच्यांचे ठिपके कुणाचे वर आहेत ते भिंगाने आणि तिरक्या उजेडात तपासावं लागतं, आणि एकाच माणसाने सकाळ-संध्याकाळ कोरलं तरी छेद होतोच, हे लक्षात ठेवावं लागतं.

दुसरा धागा प्राण्यांचा. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडा दिसतो. आज रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, गेंडा नाही. म्हणजे चित्र काढणाऱ्याने गेंडा पाहिला तेव्हा पाणथळ आणि उंच गवत असलेला प्रदेश आवाक्यात होता. सत्तरीत म्हाऊसला झरमे नदीच्या पात्रातल्या खडकावर वशिंडाचे बैल आहेत, तिथेच त्रिशूळही आहे. वशिंड दिसलं म्हणजे पाळीव गुरं असं लोक लगेच म्हणतात. दख्खनात गुरं पाळणारे नवाश्मयुगीन लोक इ.स.पू. ३००० च्या आसपासपासून जाळलेल्या शेणाच्या राखेच्या ढिगाऱ्यांच्या रूपाने ठळक दिसतात, म्हणून म्हाऊसचे बैल त्या काळात बसवतात. तर्क वाजवी आहे, पण रानटी बैलालाही वशिंड असू शकतं, आणि त्रिशूळ त्याच खडकावर दोन हजार वर्षांनंतर कोरलेला असू शकतो. एकाच दगडावर आहे म्हणून एकाच काळचं, ही या विषयातली सर्वांत मोठी घसरण.

चक्रव्यूह७

थोडा असहमत. पणसायमळच्या सात वेढ्यांच्या चक्राला तुम्ही बाजूला ठेवताय. तशीच आकृती भूमध्य समुद्राभोवती सापडते आणि तिथे तिला तारीख आहे. इतकी गुंतागुंतीची रचना दोन ठिकाणी आपोआप जन्मेल हे पटत नाही. संपर्क मानला तर काळही मिळतो.

सडा_आणि_जांभा

@चक्रव्यूह७, तारीख आहे हे खरं. ग्रीसमधल्या पायलॉस इथल्या मातीच्या पाटीवर हा आराखडा आहे, इ.स.पू. १२०० च्या आसपासचा. पण हाच आराखडा हळेबिडूच्या होयसळ मंदिरावर चक्रव्यूह म्हणून बाराव्या शतकात कोरलाय, आणि आजही बायका रांगोळीत काढतात. जी आकृती तीन हजार वर्षं चालू आहे ती घड्याळ म्हणून निरुपयोगी.

आपोआप जन्मण्याबद्दल : एक अधिकचं चिन्ह, चार कोपरे, चार ठिपके, आणि एकेक टोक पुढच्या टोकाला कमानीने जोडत जायचं. सात वेढे आपसूक तयार होतात. कागदावर करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. रचना दिसते गुंतागुंतीची, कृती सोपी आहे. त्यामुळे ती प्रवास करून आली असेल किंवा इथेच सुचली असेल, दोन्ही शक्य. या साम्यावर तारीख टांगू नये एवढंच म्हणणं.

झरमेपार

कातळशिल्पांवरच गाडी अडकलीय. गोव्यात माणूस होता याचा खरा पुरावा दगडी हत्यारांचा. दूधसागर नदीच्या खोऱ्यात शिगावच्या बाजूला पुराश्मयुगीन हत्यारांची नोंद आहे. नदीच्या गोट्यांत हत्यार ओळखायचं कसं ते लिहितो, कारण दर दोन महिन्यांनी कुणीतरी गुळगुळीत धोंड्याचा फोटो टाकून 'आदिमानवाची कुऱ्हाड' म्हणतं.

माणसाने दगडावर दगड मारून छिलका काढला की त्या छिलक्यावर चार गोष्टी राहतात. मारा बसला ती लहान सपाट जागा, म्हणजे आघातपीठ. तिच्या लगेच खाली आतल्या बाजूला फुगवटा. फुगवट्यापासून निघालेल्या, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, वलयांच्या पुसट कडा. आणि पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांच्या खुणा. यातल्या दोन-तीन एकत्र दिसल्या पाहिजेत आणि पाठीवरच्या खुणा एका दिशेने, हेतूने काढलेल्या वाटल्या पाहिजेत. पुरात गोटे आपटूनही छिलके निघतात, पण ते वेडेवाकडे, सगळ्या कडांना आणि वेगवेगळ्या काळात निघालेले असतात. काही खुणा ताज्या, काही घासून गुळगुळीत.

गोव्यात अडचण कच्च्या मालाची. चर्ट किंवा चाल्सेडनीसारखा एकजीव दगड असला की वरच्या खुणा स्वच्छ दिसतात. तो दगड दख्खनच्या बेसाल्टात मिळतो आणि बेसाल्ट आपल्याकडे ईशान्येच्या घाटकडेलाच. बाकी गोव्यात हाताशी आला तो गारगोटीचा दगड. गारगोटी आतल्या भेगांनुसार फुटते, फुगवटा धड उठत नाही. त्यामुळे गारगोटीच्या हत्यारांचे ढीग साध्या खडी म्हणून ओलांडले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. उलट एखाद्या सड्यावर चर्टचा एकच छिलका मिळाला तरी तो महत्त्वाचा, कारण तो दगड तिथे आपोआप येत नाही. कुणीतरी उचलून आणलाय.

सूक्ष्मास्त्रं, म्हणजे बारीक दगडी हत्यारं, एक-दोन सेंटिमीटरची असतात. डोळ्यांनी वेचून ती मिळत नाहीत. खणलेली सगळी माती दोन मिलिमीटरच्या जाळीतून गाळावी लागते, आणि चिकट लाल माती कोरडी गाळली तर जाळी दोन पाट्यांत बुजते. ती पाण्यानेच धुवावी लागते.

रोंयण

@झरमेपार, सड्यावरच्या सूक्ष्मास्त्रांत आणखी एक खोच आहे. सड्यावर माती मुळातच वीतभर, तीही खळग्यांत. वरून तीन हजार मिलिमीटर पाऊस, खालून वाळवी. रोंयण (वारूळ) उभारताना वाळवी बारीक कण खालून वर आणते, खडे आणि छिलके मात्र हळूहळू खाली बसत जातात. शेवटी एका खोलीवर दगडांची ओळ तयार होते. खणणाऱ्याला ती जुनी वस्तीची जमीन वाटते, प्रत्यक्षात वेगवेगळ्या काळचे दगड वाळवीने एका पातळीला आणून ठेवलेले असतात.

ओळखायची खूण : खरी वस्तीची जमीन असेल तर छिलके एकमेकांना जुळतात, लहान-मोठे सगळे मिसळलेले असतात, कोळसा किंवा भाजलेली माती सोबत असते. वाळवीच्या ओळीत ठरावीक आकारमानाच्या वरचे तुकडेच तेवढे असतात.

माटोळी

वारुळाच्या रूपात पुजतात त्या सातेरी देवीच्या रोंयणीने पुरातत्त्वालाही पुजायला लावलं म्हणायचं! :)

रोंयण

@माटोळी, सातेरीचा मुद्दा खरंच येतो पुढे, दुसऱ्या प्रश्नात. थांबा.

खाजणबांध

परशुरामाच्या प्रश्नाला हात घालतो. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. गोव्यासमोरचा उथळ समुद्रतळ तेव्हा कोरडा होता, किनारा पन्नास किलोमीटरहून अधिक पश्चिमेला. मग बर्फ वितळत गेलं आणि पाणी वर चढत साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आलं. तेव्हापासून चढउतार आहेत, पण लहान.

याचे दोन अर्थ. एक, दहा हजार वर्षांपूर्वी मासे-शिंपल्यांवर जगणारी माणसं गोव्यात असतील तर त्यांच्या वस्त्या आज समुद्राखाली आहेत. आपल्याला मिळतात ती नदीकाठची आणि सड्यावरची ठिकाणं, म्हणजे त्यांच्या जगण्याचा अर्धाच भाग. त्यावरून ते फक्त शिकारी होते असं म्हणणं धोक्याचं. दोन, त्या दीर्घ काळात समुद्र हटला नाही, आत आला.

समुद्राकडून जमीन मिळवली हे मात्र खरं, पण बांध घालून. बांदिवडे इथे मिळालेल्या कोकण-मौर्य राजा अनिर्जितवर्मनच्या ताम्रपटात खज्जन (आजचं खाजण) जमिनीचा उल्लेख आहे. अक्षरवळणावरून तो पाचव्या-सहाव्या शतकाचा धरतात. म्हणजे खारं पाणी बांधाने अडवून शेत करण्याची विद्या तेव्हा दानपत्रात लिहिण्याइतकी रुळलेली होती. बाण मारून समुद्र हटवल्याच्या कथेत या कामाची आठवण आहे की ती वसाहतीचा हक्क सांगायला नंतर रचली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कथेचा उपयोग ती सांगणाऱ्यांचा काळ आणि हेतू समजायला होतो. भूगर्भाचा पुरावा म्हणून ती धरत नाहीत.

चक्रव्यूह७

पण विहिरी खणताना आत कुठेतरी शिंपल्यांचे थर लागतात, त्याचं काय?

खाजणबांध

लागतात, आणि ते फार कामाचे असतात. आधी तो थर निसर्गाने टाकलाय की माणसाने, हे ठरवायचं. नैसर्गिक थरात लहान-मोठे सगळे शिंपले, दोन्ही शिंपा जोडलेल्या, वाळू-चिखलात जगलेल्या जागीच पडलेल्या. माणसाने खाऊन टाकलेल्या ढिगात खाण्याजोग्या आकाराचेच, शिंपा सुट्या, बरोबर राख, कोळसा, खापरं, माशांचे काटे.

शिंपल्याची कार्बन तारीख घेतली तर ती जशीच्या तशी वापरू नये. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना, त्यामुळे शिंपला खऱ्यापेक्षा सरासरी चारशे वर्षांनी जुना दिसतो, आणि प्रत्येक किनाऱ्याची दुरुस्ती वेगळी. एकाच थरातला कोळसा आणि शिंपला दोन्ही मोजले तर ही चूक धरता येते.

हाडामाती

दुसऱ्या प्रश्नाकडे. 'सांगाडा काढा, डीएनए करा, मिटलं' असं समाजमाध्यमांवर रोज वाचायला मिळतं. गोव्यात सांगाडा मिळणंच कठीण, आणि त्याचं कारण माती.

हाडाचा टणक भाग कॅल्शियम फॉस्फेटचा. तो आम्लात विरघळतो. जांभ्यावरची लाल माती आम्लधर्मी, त्यात चार महिने सतत पाणी खाली झिरपतं. पुरलेलं हाड काही शतकांत मऊ होतं आणि मग राहतो तो फक्त मातीतला किंचित वेगळ्या रंगाचा डाग. हाडं टिकण्याची आशा दोनच ठिकाणी : शिंपल्यांच्या ढिगात, कारण शिंपल्यातला चुना आम्ल मारतो, आणि भाजलेल्या हाडांत, कारण भाजल्यावर त्याची रचना बदलते. खाजणाच्या तळच्या काळ्या चिखलात प्राणवायू पोचत नाही, तिथे लाकूड, बिया, दोर टिकू शकतात.

डीएनए तर त्याहून नाजूक. उष्णता आणि ओल हे त्याचे दोन शत्रू, आपल्याकडे दोन्ही भरपूर. हरियाणातल्या राखीगढीत एकसष्ट नमुने तपासले तेव्हा एका व्यक्तीचा उपयोगी जनुकसंच मिळाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली हवा आपल्यापेक्षा कोरडी आहे, एवढं लक्षात घ्या.

राहिली जिवंत माणसांची जनुकं. त्यातून मिश्रण कळतं, साधारण किती पिढ्यांपूर्वी झालं तेही कळतं. पण ते मिश्रण कुठे झालं हे जनुक सांगत नाही. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा धागा म्हणजे हजारो पूर्वजांपैकी एकच ओळ. आणि गावातल्या गावात किंवा जातीतल्या जातीत लग्नं होत राहिली की थोड्या मूळ कुटुंबांची छाप पुढे फार मोठी दिसते. त्यावरून 'हेच पहिले' असा निकाल देणं चूक. नमुना घेताना लोकांची समजून-उमजून संमती आणि निष्कर्ष त्यांना आधी सांगणं, हे अभ्यासाचंच अंग आहे.

ढालोमांड

हाडं नाहीत, जनुकं अपुरी, चित्रांना तारीख नाही. मग ज्यांनी इथे मळे केले, डोंगरावर कुमेरी (फिरती शेती) केली, त्यांच्या स्मृतीला पुरावा का मानत नाही? गावड्यांचा जागोर (लोकनाट्य), बायकांचे ढालो (लोकनृत्य), सातेरीची रोंयण, वेताळ. ताम्रपट लिहिणाऱ्या राजांच्या आधीपासूनचं हे आहे. लिहिता न येणाऱ्यांचा इतिहास कायम तळटीपेत ढकलला जातो.

रोंयण

@ढालोमांड, तळमळ पटते आणि मुद्दा अर्धा मान्य. इतिहासकार दामोदर कोसंबी, जे आपल्याच कोसंबेचे, त्यांनी हेच केलं. पुण्याच्या आसपास देवीची ठाणी, धनगरांच्या वाटा आणि सूक्ष्मास्त्रं सापडण्याच्या जागा त्यांनी एकत्र ठेवून पाहिल्या. पूजा हा स्वतंत्र पुरावा न मानता ती जमिनीवरच्या वस्तूशी जुळते का, हे त्यांनी तपासलं. तीच पद्धत इथे लागू करावी.

पण गोव्यात एक खास अडचण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी, तिसवाडी, बारदेशातली देवळं मोडली तेव्हा देव उठून अंत्रुजात (आजच्या फोंड्यात), डिचोलीत गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. मोठ्या देवांची हकीकत ठाऊक आहे. गावोगावच्या लहान ठाण्यांचे दगड कुठून कुठे गेले याची नोंद नाही. म्हणून आज फोंड्यात उभी असलेली मूर्ती बघून 'फोंड्यात इतक्या शतकांपासून हा पंथ' असं म्हणता येत नाही. कुर्डीचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचं : साळावली धरणामुळे महादेवाचं देऊळ दगड-दगड सोडवून दुसरीकडे उभारलं, तिथली मातृदेवी वेर्ण्याला आणली. पाटी निघून गेली तर दोनशे वर्षांनी कुणीही मातृदेवीचा पंथ वेर्ण्याचा ठरवील.

आणि मौखिक परंपरेत लिखितातून आलेलं मिसळतं. पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाचा १५२६ चा फोराल, म्हणजे गावांच्या हक्कांची सनद, सांगतो की फार पूर्वी चार माणसं तिसवाडीत आली आणि त्यांनी जमीन लागवडीला आणली. हे गावकऱ्यांनी तेव्हाच्या कारभाऱ्याला सांगितलेलं आहे, आपला जमिनीवरचा हक्क पक्का करताना. गावकरी, म्हणजे गावाची सामूहिक जमीनव्यवस्था, कशी चाले, हे कळायला तो अमूल्य कागद. पहिला माणूस कोण, याला तो साक्षीदार नाही.

ढालोमांड

हक्क सांगताना बोललेलं म्हणून कमी विश्वासाचं, हा निकष ताम्रपटालाही लावा. तोही जमिनीच्या दानाचाच कागद.

ताम्रपट_शिक्का

@ढालोमांड, बरोबर, आणि लावतातच. शिरोड्याचा भोज राजा देवराजाचा ताम्रपट घ्या. चंद्रपूर, म्हणजे चांदर, तिथून दिलेला, साधारण चौथ्या शतकातला. त्यावर शक वर्ष नाही, राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. म्हणून काळ अक्षरांच्या वळणावरून काढायचा, आणि त्यात पन्नास-शंभर वर्षांची ओढाताण राहते. पत्रा हलका, सहज कुठेही नेता येणारा. म्हणून तो जिथे सापडला ते गाव आणि ज्या जमिनीचं दान आहे ते गाव एकच असेल असं नाही.

पण ताम्रपटाचा एक भाग असा की जो खोटा लिहून कुणाचा फायदा नव्हता : चतुःसीमा, गावांची नावं, जमिनीचा प्रकार, करातून सूट कशाकशाची. खज्जनाचा उल्लेख यातूनच आलाय. राजाची बिरुदं बाजूला ठेवायची आणि या ओळी वाचायच्या. बांध आधीपासून असल्याशिवाय बांधाखालच्या जमिनीचं दान होत नाही. तो बांध घालणारे हात कुणाचे हे पत्र्यावर नसलं तरी ते हात होते, हे त्याच पत्र्यावरून सिद्ध होतं. तुमचा मुद्दा इथे मजबूत होतो.

चांदरला जमिनीखालचा पुरावाही आहे. इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी तिथे खणलं, पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने विटांच्या देवळाचा पाया उघडा केला. ताम्रपट, जागा आणि वीट तिन्ही एका नावावर जुळतात, असं गोव्यात क्वचित होतं. कोलवाळजवळ मुशीरला हेरासांना १९३० मध्ये मिळालेली बुद्धमूर्तीही अशीच, पण तिच्याभोवतीचे थर खणले गेले नाहीत, म्हणून ती एकटी पडली.

हाडामाती

@ढालोमांड यांच्या मुद्द्याला आणखी एक बळ देतो. शेती कुणी आणि केव्हा सुरू केली हे कळायला गोव्यात एक चांगलं साधन आहे, ते म्हणजे वनस्पतींचे सिलिका कण. भात, गवत, बांबू यांच्या पेशींत सिलिका साठतो. झाड कुजलं तरी तो कण मातीत राहतो, आणि आम्लात विरघळत नाही. आपल्या मातीने हाडं खाल्ली तरी हे उरतात. भाताच्या तुसावरचा दोन टोकांचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो.

दर थरातून पाच-दहा ग्रॅम माती पुरते. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळायचा, मग २.३ च्या आसपास घनतेच्या जड द्रवात सिलिका वर तरंगवायचा. गडबड होते ती नमुना घेताना. भिंत वरून खाली तासली की आजच्या शेतातली माती खालच्या थराला लागते. म्हणून तासणं नेहमी आडवं, नमुने खालून वर, आणि प्रत्येक नमुन्याला करणी धुवायची.

कोळसा-बियांसाठी पाण्यात तरंगवणं. दर थराची वीस ते चाळीस लिटर माती पिंपात सोडायची, वर आलेलं पाव मिलिमीटरच्या कापडी जाळीत धरायचं, आणि सावलीत सुकवायचं. उन्हात टाकलं की जळके दाणे तडकून भुगा होतो आणि आठवड्याची मेहनत जाते. कार्बन तारखेला जाड लाकडाच्या कोळशापेक्षा एकच जळका तांदूळ बरा. झाडाच्या गाभ्याचं लाकूड तोडलं त्या दिवशीच दोनशे वर्षं जुनं असू शकतं, तांदूळ त्याच वर्षीचा.

कुशावतीकाठ

देव बरें करूं सगळ्यांचं. मूळ प्रश्नाकडे येतो. पणसायमळ नदीकाठी आहे, पुरात गाळ चढतो. चित्रं गाळाखाली होती. मग त्या गाळाचं वय काढलं तर?

सडा_आणि_जांभा

हाच योग्य रस्ता, आणि त्यातच कसोटी आहे. गाळातले गारेचे कण शेवटचं ऊन कधी खाऊन पुरले गेले हे ओएसएल (प्रकाशाने कणांना उजळवून मोजण्याच्या) पद्धतीने मोजतात. चित्रावर बसलेला गाळ पाच हजार वर्षांचा निघाला तर चित्र निदान पाच हजार वर्षांचं. गाळ तीनशे वर्षांचा निघाला तर मात्र चित्र तीनशे वर्षांचं असं होत नाही. नदी दर मोठ्या पुरात जुना गाळ धुऊन नवा टाकते. म्हणून कातळाच्या खळग्यात, पुराच्या मुख्य धारेपासून बाजूला अडकलेला, न हललेला थर शोधावा लागतो.

नमुना घ्यायची रीत अशी. भिंत ताजी तासून घ्यायची. तीस सेंटिमीटरची लोखंडी नळी आडवी ठोकायची, पूर्ण भरेपर्यंत, कारण अर्धी भरली तर आतले कण हलून उजेड खाल्लेले न खाल्लेल्यांत मिसळतात. दोन्ही तोंडं काळ्या टेपने बंद. प्रयोगशाळेत लाल दिव्याखाली दोन्ही टोकांची दोन-तीन सेंटिमीटर माती बाजूला काढून मधली वापरतात. नळीभोवतालची माती वेगळी घ्यायची, त्यावरून दरवर्षीचं किरणोत्सर्गाचं प्रमाण निघतं.

आपल्याकडे हमखास चुकतं ते ओलीचं गणित. पाणी किरणं शोषतं. नमुना मे महिन्यात घेतला, माती कोरडी म्हणून मोजली, पण ती हजारो वर्षं बहुतांश ओली होती, तर वय खऱ्यापेक्षा कमी येतं. साधारण एक टक्का ओलीमागे एक टक्का वय. आणि गढूळ पुरात कणांना पुरतं ऊन मिळालं नाही तर उलट वय जास्त येतं. म्हणून एका थरातून एक नमुना कधीच पुरत नाही.

झरमेपार

हे सगळं करायला चित्रं आधी टिकायला हवीत. रेघ दिसावी म्हणून खडू, चुना, रंग भरू नका. खडूची भुकटी जांभ्याच्या छिद्रांत बसते आणि नंतर कुठलीही रासायनिक तपासणी बाद होते. शिवाय खडू भरणारा त्याला दिसली तीच रेघ भरतो, पुढचे सगळे त्याचंच चित्र बघतात.

सूर्य उगवल्यावर पहिला तास आणि मावळण्याआधीचा तास. तिरक्या उन्हात खाचेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते. दुपारी बारा वाजता तोच कातळ कोरा दिसतो. फोटोंवरून त्रिमिती प्रतिमा करायची तर प्रत्येक फोटोचा साठ ते ऐंशी टक्के भाग पुढच्याशी जुळला पाहिजे, मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण चौकटीत हवा, आणि आपली सावली कातळावर पडता कामा नये. ओला दगड चमकतो, त्याचे फोटो जुळत नाहीत. पाणी ओतून दाखवतात ते डोळ्यांना छान, मोजणीला वाईट.

कोकणातली आठ आणि गोव्यातलं हे, मिळून नऊ ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यामुळे आज होणारी नोंद पुढे कायम वापरली जाणार.

कुशावतीकाठ

मग आजच्या माहितीवर बोर्डाचा मजकूर काय असावा?

सडा_आणि_जांभा

'प्रागैतिहासिक कातळशिल्पं. अभ्यासकांसमोर १९९३ मध्ये आली. थेट कालमापन झालेलं नाही. शैली व परिसरातील पुराव्यांच्या तुलनेवरून निरनिराळे अंदाज.' आणि खाली ज्याने ज्या कारणाने जो अंदाज केला ते कारणासकट. आकडा हवाच असेल तर कारणाशिवाय एकही नको.

माटोळी

आणि काजूबागायतीत कुणाला खरंच छिलका मिळाला तर? घरी आणून दाखवायचा?

झरमेपार

उचलायचा नाही. जागेवरून हलला की त्याची अर्धी माहिती गेली. तिथेच, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून वरून एक आणि बाजूने एक फोटो. मग दूरचा फोटो, त्यात ओळखू येणारं झाड, बांध किंवा घर. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश. कोणत्या दगडाचा, मातीवर पडलेला की मातीतून डोकावणारा, आजूबाजूला आणखी किती, हे लिहून पुरातत्त्व खात्याला कळवायचं. स्वतः खणायचं नाही, उत्खननाला परवाना लागतो आणि विनापरवाना खणणं गुन्हा आहे.

रोंयण

एक भर. मोबाइलचं स्थान झाडीत पाच-दहा मीटर चुकतं, काजूच्या दाट बागेत त्याहून जास्त. म्हणून दोन पक्क्या खुणांपासून, म्हणजे विहिरीचा कठडा आणि कुंपणाचा कोपरा अशा, टेपने अंतर मोजून लिहा. पावसाळ्यानंतर गवत वाढलं की ती जागा पुन्हा त्या दोन अंतरांवरूनच सापडते.